बाटली कुणाची होती

चिनी औषध हरलं असतं तर अण्णांचा फायदा होता, आणि जिंकलं असतं तरी अण्णांचाच. हरलं, तर ‘चीनला पाणी पाजणारा मिरजेचा काढा’ म्हणून पुण्याच्या वैद्य परिषदेत निबंध वाचायचा, शाल घ्यायची आणि फोटो फ्रेम करून गल्ल्याच्या वर टांगायचा. जिंकलं, तर त्याची एजन्सी माझ्या धाकट्या भावाला, शिरीषला, म्हणजे फिरून घरातच. माझे वडील वैद्य चांगले होते, पण सोंगट्या मांडण्यात त्याहून चांगले होते.

“छापा पडला तर तुम्ही, काटा पडला तर तुमचा मुलगा,” मी म्हटलं. “मग मी कशाला हवी?”

“नाणं उडवायला,” अण्णा म्हणाले. “बी.फार्म. झालीस ना? शिकलेल्या माणसाने उडवलेलं नाणं लोक मानतात.”

आम्ही औषधालयाच्या मागच्या खोलीत होतो. टेबलावर शिरीषने आणलेलं खोकं उघडं पडलं होतं. कुपवाडच्या एमआयडीसीतला त्याचा मित्र यंत्रं घ्यायला चीनला जायचा. त्याने हे खोकल्याचं औषध आणलं होतं. काकवीसारखं दाट, काळं. लोकाटाच्या झाडाची पानं, मध आणि आणखी कायकाय चिनी मुळ्या. तिकडे म्हणे घरोघरी असतं, जसा आमच्या पंचक्रोशीत अण्णांचा, म्हणजे सोहनी वैद्यांचा लाल काढा.

अण्णांनी तळहातावर थेंब घेतला, चाटला, डोळे मिटले.

“ज्येष्ठमध आहे. मध आहे. पुदिना आहे. बाकीचं चिन्यांच्या देवाला ठाऊक.”

“म्हणजे चांगलं आहे?” शिरीषने विचारलं.

“म्हणजे गोड आहे. खोकणाऱ्याला पहिल्या दिवशी सगळंच गोड बरं वाटतं.”

परीक्षा मी मांडली. दोन्ही औषधांत पुदिन्याचा अर्क घातला, कारण लाल काढ्याचा वास मिरजेतल्या माणसाला झोपेतही ओळखू येतो. एकसारख्या तपकिरी बाटल्या घेतल्या, त्यांवर नुसते नंबर घातले. कुणाला कुठलं औषध द्यायचं याचा एक नियम मनाशी धरला आणि तो कुठे लिहिला नाही. आमच्या घरात लिहिलेली गोष्ट चहाच्या ट्रेबरोबर बाहेर येते.

मग पेशंट येऊ लागले. तपासणी अण्णा स्वतः करणार होते, आणि घोटाळा तिथेच झाला. अण्णा गादीवर बसलेले, मागे आजोबांची तसबीर, समोर लहानपणापासून ज्यांच्या पुड्या खाल्ल्या ते वैद्यबुवा. अण्णा विचारायचे, “काय, उतार?” आणि समोरचा म्हणायचा, “उतार आहे.”

सगळ्यांना उतार होता. पायऱ्या उतरताना खोकून खोकून कठड्याला धरणाऱ्या देशिंगकर बाईंना उतार होता. बोलताना मध्ये दोनदा थांबलेल्या पोस्टमास्तरांना तर ‘बराच’ उतार होता. मिरजेत वैद्याला तोंडावर ‘गुण नाही’ म्हणणं म्हणजे जेवायला बोलावलेल्या घरी ‘आमटी खारट झालीय’ म्हणणं. माणूस ती आमटी ओरपेल, वर पाणी पिईल, पण बोलणार नाही.

“अण्णा, ही परीक्षा औषधाची नाही, भिडेची चाललीय,” मी म्हटलं.

“लोक माझ्याशी खोटं बोलतात?”

“दुसऱ्या कुणाशी बोलत नसतील. तुमच्याशी बोलतात.”

त्यांनी ते कौतुकासारखं घेतलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

पुढचे होते दस्तगीरकाका. तंबोरे करायचे. भोपळा कोरायचा, घासायचा, त्यावर लाखेचं काम करायचं, आणि शेवटी तारांखालच्या घोडीवर कानस फिरवून जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, काढायची. त्यांच्या जवारीसाठी धारवाडहून गवई येत. अण्णा आणि ते एका शाळेत एका बाकावर होते. अण्णांच्या खोलीतला तंबोरा त्यांच्याच हातचा. गणपतीपासून ते खोकत होते आणि आता संक्रांत आली होती.

“काय रे, उतार?”

“उतार हाय की, अण्णा. तुमच्या हाताला यश हाय.”

हात जोडताना त्यांच्या मनगटावरचं घड्याळ सरकत कोपरापर्यंत गेलं. दिवाळीत ते मनगटावर रुतत होतं. अण्णांनी लिहिलं, ‘उतार.’

मी त्यांना दुकानाबाहेर गाठलं.

“काका, खरं सांगा.”

“काय खरं?”

“रात्री घाम येतो?”

“म्हातारपणी काय न्हाई येत, बाळ?”

“जेवण?”

“जातंय की.” मग इकडेतिकडे बघून म्हणाले, “अण्णाच्या तोंडावर कसं म्हणू गं? त्येच्या आईनं मला ताटात घेऊन भाकर चारलीय. आन आता त्यो पुण्याला जाणार, भाषण करणार. मी एकट्यानं अपशकुन करू व्हय?”

त्याच दुपारी मी अण्णांना सांगितलं की काकांना परीक्षेतून काढा आणि छातीच्या दवाखान्यात पाठवा. थुंकी तपासू दे, एक्स-रे काढू दे.

अण्णा खलातलं चूर्ण बघत होते. “मध्येच माणूस काढला की आकडे बिघडतात. तूच म्हणाली होतीस.”

“माणूस बिघडला की?”

“रोहिणी, दस्तगीरची छाती चाळीस वर्षं मी सांभाळतोय. तू दवाखान्याची चिठ्ठी देशील आणि उद्या अख्खी सतारमेकर गल्ली म्हणेल, सोहनी वैद्यांनी हात टेकले.” त्यांनी चूर्ण चाळणीत ओतलं. “निबंध होऊ दे. मग बघू.”

मी काकांकडे परत गेले तर ते म्हणाले, अण्णानं सांगितलं तर जातो. अण्णा म्हणत होते, त्याला त्रास असता तर त्याने सांगितलं नसतं का? दोघांच्या शालीनतेत एका माणसाचा जीव अडकला होता, आणि दोघेही एकमेकांना ‘आधी तुम्ही’ म्हणत दारात उभे होते.

मग मी ठरवलं की विचारायचं नाही, ऐकायचं. जीभ भीड ठेवते; छातीला ती ठेवता येत नाही.

दरवर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी औषधालयाच्या माडीवर सकाळची गाण्याची बैठक व्हायची. त्या वर्षी मी सगळ्या पेशंटना घरी जाऊन आमंत्रण दिलं. एका औषधाचे सगळे खांबाच्या डावीकडे बसवले, दुसऱ्याचे उजवीकडे. कुठली बाजू कुणाची, ते मला ठाऊक. शिरीषला नुसती कल्पना दिली तर तो नाचलाच.

“ताई, तोडीचा आलाप म्हणजे सुई पडली तरी ऐकू येते! हे तर एक्स-रेपेक्षा भारी!”

“तुझी बाजू कुठली ते विचारू नकोस.”

“विचारत नाही. भुवई उडव नुसती.”

मी भुवई उडवली नाही.

अण्णांनी त्यात आपली सोंगटी सरकवली. मध्यंतरात परीक्षेचा निकाल जाहीर करायचा, असं त्यांनी परस्पर ठरवलं आणि सांगलीच्या पेपरवाल्याला पुढे बसवलं.

बैठक सुरू झाली. निपाणीच्या एक बाई गात होत्या. मागे दोन तंबोरे, आणि त्यांतल्या एकामागे भिंतीला टेकून दस्तगीरकाका. तंबोरे त्यांनीच लावून दिले होते, म्हणून तिथेच बसले. बाईंनी षड्ज लावला. माडी गप्प झाली.

आणि मग खोकला सुरू झाला. डावीकडून एक, त्याला उजवीकडून उत्तर. देशिंगकर बाईंनी पदर तोंडात कोंबला. पोस्टमास्तर लाल झाले आणि शेवटी फुटलेच. थोड्या वेळाने मी बाजू मोजायचं सोडून दिलं. दोन्हीकडे सारखंच वाजत होतं. उतार पडलेली ती सगळी मंडळी पावसाळ्यातल्या डबक्यासारखी बोलत होती, आणि गाणाऱ्या बाई मधूनमधून अण्णांकडे असं पाहत होत्या की ‘वैद्यबुवा, आपलं औषध चालतं का?’

एकच माणूस खोकत नव्हता. दस्तगीरकाका.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मान खाली, शालीचा बोळा मुठीत, गळ्याची घाटी वरखाली होतेय, गिळताहेत, पुन्हा गिळताहेत. जानेवारीच्या सकाळी कपाळ ओलं. बाईंनी समेवर सुंदर जागा घेतली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांच्या आडोशाला ते खोकले. अंग दुमडून, भिंतीकडे तोंड करून खोकले. टाळ्या संपल्या तशी पाठ सरळ केली. पुढच्या टाळीपर्यंत पुन्हा गिळणं. ते दाद कधी मिळते याची वाट बघत होते. सगळ्या माडीत गाण्याला इतक्या मनापासून टाळ्या मागणारा दुसरा कुणी नसेल.

मध्यंतर झालं. अण्णा उभे राहिले, उपरणं सारखं केलं.

“मंडळी, गेले काही आठवडे आपण एक शास्त्रीय परीक्षा केली. चिनी औषधानेही उतार पडतो, हे मी मोठ्या मनाने मान्य करतो. पण...” त्यांनी श्वास घेतला, “बाटल्यांचे नंबर माझी कन्या आत्ता सांगेल, आणि माझी खात्री आहे, ज्यांना अधिक उतार आहे ते आपल्या लाल काढ्याचे निघतील. साक्षीला आमचे बालमित्र आहेत. दस्तगीर, सांग बाबा.”

दस्तगीरकाकांनी भिंतीचा आधार घेऊन हात जोडले.

“उतार हाय, अण्णा.”

“खोटं आहे,” मी म्हणाले.

माझा आवाज मला वाटला होता त्याहून मोठा निघाला. पेपरवाल्याने पेन उघडलं.

“रोहिणी, खाली बस,” अण्णा म्हणाले. अगदी हळू. हळू बोलायचे तेव्हाच त्यांची भीती वाटायची.

“नाही बसणार. काका, उतार आहे ना? मग षड्ज लावा. नुसता आकार. तुमच्याच तंबोऱ्याबरोबर.”

“अगं, मी काय गवई हाय?”

“जवारी काढताना गुणगुणता की. तेवढाच.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे आयुष्यात कुणी इतक्या विनवणीने पाहिलेलं नाही. मी नजर काढली नाही. तंबोऱ्यावरच्या मुलीने तारा छेडल्या, काकांनी तोंड उघडलं, ‘सा’ लागला न लागला तोच तुटला, आणि जे गेला तासभर गिळलं होतं ते सगळं वर आलं. माडीभर तेवढाच एक आवाज, आणि त्याखाली तंबोरा शांतपणे वाजतोय. थांबवायचं त्या मुलीला सुचलं नाही.

अण्णा दोन पावलं पुढे गेले आणि थबकले. त्यांना आवाज कळला होता. चाळीस वर्षं छात्या ऐकणारा माणूस होता तो. आजवर त्या छातीने त्याला ऐकू दिलं नव्हतं, इतकंच.

“उद्या सकाळी दवाखान्यात,” मी म्हटलं. “मी घेऊन जाणार.”

“मी नेईन,” अण्णा म्हणाले.

“तुम्ही नेलंत तर डॉक्टरांनाही ‘उतार आहे’ म्हणून सांगतील. मीच नेणार.”

कुणीतरी हसलं. मला वाटतं पोस्टमास्तर. हसता हसता खोकले.

क्षयच निघाला. डावं फुप्फुस बरंच पोखरलेलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या नेमाने घेतल्या तर जगतील. दिवाळीला आणलं असतं तर एवढं गेलं नसतं. गोळ्या सरकारी, फुकट. मी घरी आले तर पानं वाढलेली आणि दोघेही बापलेक न जेवता बसलेले.

“कसा आहे?” अण्णांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी वाढलेलं ताट बाजूला सारलं. मग त्यांनी जे विचारलं त्याने मला कळलं की माणूस दुःखातही सोंगटी हातातून सोडत नाही.

“त्याची बाटली कुठली होती?”

“चिनी असली तर पेपरात जाणार, ताई,” शिरीष घाईघाईने म्हणाला. “एजन्सी बुडाली समज. आपली असली तर...”

“आपली असली तर काय?” अण्णा कडाडले.

“तर... क्षय काही काढ्याने बरा होतो का? कुणाचा दोष नाही, असं म्हणता येईल.”

“आणि चिनी असली तर तसं म्हणता येणार नाही?” मी विचारलं.

शिरीषने आपलं ताट पुढे ओढलं.

“सांग,” अण्णा म्हणाले.

“नाही सांगणार. दोघांनाही नाही. काकांची छाती कुणाच्या पारड्यात टाकायला मी तोललेली नाही. परीक्षा रद्द. एकाचा नंबर सांगितला तर सगळ्यांचे सांगावे लागतील, म्हणून कुणाचाच सांगत नाही.”

“औषधालय माझं आहे.”

“नियम माझ्या डोक्यात आहे.”

आठवडाभर हे चाललं. अण्णा चहाला विचारायचे, जेवताना विचारायचे, एकदा देवघरातून पूजा अर्धी सोडून बाहेर आले आणि विचारलं. शेवटी मी म्हटलं, “एका अटीवर. दुकानाच्या दारावर पाटी लावा. ‘तीन आठवड्यांहून जास्त खोकला असेल त्याने आधी दवाखान्यात थुंकी तपासून यावं, मगच काढा मिळेल.’ तुमच्या सहीची.”

“म्हणजे माझ्या हातांनी गिऱ्हाईक दवाखान्यात पाठवू?”

“माझ्या हातांनी लिहिते. सही तेवढी तुमची.”

पाटी लागली. रंगाऱ्याने लाल अक्षरांत रंगवली, अण्णांची सही हिरव्यात. पाटी लागल्याच्या संध्याकाळी ते गादीवर बसून म्हणाले, “आता सांग.”

“नाही.”

“फसवलंस?”

“हो.”

त्यांनी हात पुढे केला. मी कमरेची औषधालयाची किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. मी दवाखान्यातल्याच औषधांच्या खिडकीत नोकरी धरली आणि खोली घेऊन राहिले. अण्णा रोज संध्याकाळी डबा घेऊन सतारमेकर गल्लीत जायचे, काकांना समोर बसवून जेवायला लावायचे. वाटेत मी दिसले तर रस्ता ओलांडायचे. सगळ्या गावाने मला एकच नाव ठेवलं: हट्टी. बापाला एक शब्द सांगितला असता तर काय बिघडलं असतं?

बिघडलं असतं.

कारण मला खरं उत्तर दवाखान्याच्या बाकावरच कळलं होतं. नाव पुकारायची वाट बघत बसलो होतो तेव्हा काका म्हणाले होते, “बाळ, तुझी ती बाटली मी उघडलीच न्हाई.”

“म्हणजे? मग इतके दिवस काय घेत होता?”

“लाल काढा. घरात व्हता की साठवलेला. ती नंबराची बाटली... तिच्यात कुणाचं काय हाय कुणाला ठाव? चिन्याचं निघालं आन त्यानं गुण आला तर? अण्णाच्या विरुद्ध माझीच छाती साक्ष देणार व्हय? म्हणून म्हटलं, अण्णाचंच घ्यावं. लई घेतलं. सकाळ, दुपार, रात.” ते थोडं थांबले, दम घेतला. “त्याला सांगू नगंस. त्यो खचंल.”

मी वचन दिलं नाही. वचनं मला आवडत नाहीत. नुसती मान हलवली, तेवढ्यात नाव पुकारलं.

बाटली काढ्याची होती म्हणावं तर ती उघडलीच नव्हती. चिनी होती म्हणावं तर काकांच्या खोकल्याचा डाग विनाकारण परक्या औषधावर पडला असता. आणि जे खरं होतं ते अण्णांना कळलं असतं, तर त्या माणसाने लाल काढ्याचा खल त्याच दिवशी विहिरीत टाकला असता. म्हणून मी हट्टी झाले. मला ते जमतं.

अण्णांनी आणखी बरीच वर्षं काढा विकला, पाटीखाली बसून. शेवटच्या आजारात मला बोलावून घेतलं. पहिलं वाक्य होतं, “आता तरी?” मी म्हटलं, “नाही.” त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी रात्रीपर्यंत बसले. ते वळले नाहीत.

आता हिशेब. शिरीषची चिनी एजन्सी गेली, पण वर्षभरात त्याने फरशांची घेतली, त्यामुळे तो धरायचा नाही. पेपरवाल्याला निकालाची बातमी मिळाली नाही. गाण्याचं परीक्षण छापून तो सुटला. चिनी औषध निकाल न लागताच खोक्यात बसून परत गेलं; खोकल्यावर ते बरं की वाईट, मिरजेत आजही कुणाला ठाऊक नाही. अण्णांचा एक निबंध आणि एक शाल बुडाली. त्यांचा काढा मात्र त्यांच्या डोळ्यांत शेवटपर्यंत निर्मळ राहिला. त्याची किंमत दस्तगीरकाकांनी एका फुप्फुसाने भरली, आणि बाकी राहिली ती मी बापाच्या अबोल्याने.